गॉडझिलारावांस खुले पत्र

श्री. गॉडझिलाराव,
मु. पो. टोकियोचा उपसागर

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या धाकट्याने परवा मोबाइलवर तुमचा सिनेमा लावला आणि कोपऱ्यात पाटी झळकली : हिंसा, भीतिदायक दृश्यं. सेन्सॉर बोर्डानेही 2024 पासून यूए प्रमाणपत्राचे वयानुसार 7, 13 आणि 16 असे तीन तुकडे पाडलेत. एवढी खबरदारी तर आमच्याकडे देवीच्या लसीच्या वेळीही घेतली नव्हती.

रागावू नका, पण 1954 साली तुमची उंची 50 मीटर होती. आमचा तोरणा 1403. पायथ्याच्या वेल्ह्याची पोरं तुम्हाला वळसा घालून गुरं हाकत नेतील.

शिवाय तुम्ही पाय आपटत येता, माणसाला पळायला वेळ देता. वेल्ह्यातलं पानशेत धरण 12 जुलै 1961 ला फुटलं. मातीचं धरण, काम अर्धवट, तरी पाणी साठवलेलं. आदल्या रात्री जवान खचत्या भिंतीवर वाळूची पोती रचत होते आणि खाली नदीकाठचं पुणं झोपलं होतं. सकाळी ती भिंत गेली, मग खडकवासल्याचीही गेली. पाणी पेठांत शिरताना कुणाचं वय विचारत नव्हतं. पुण्याचा तो पूर सगळ्यांना पाठ आहे; धरणापायी उठलेल्या आमच्या खोऱ्यातल्या गावांची नावं विचारा, जो तो डोकं खाजवेल.

तुमच्या पहिल्या सिनेमात एक बाई लेकरांना कवटाळून बसते, आता बाबांकडेच जायचं म्हणते. मला तुमच्या शेपटीपेक्षा ती बाई लागली. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना हिरोशिमा बघून आले होते. माणसं अस्वस्थ व्हावीत म्हणूनच त्यांनी तुम्हाला पाण्याबाहेर काढलं. आता पाटी लावून त्याच अस्वस्थतेची आगाऊ माफी मागतात. तुम्हाला अपमान वाटत नाही?

असो. एकदा इकडे याच. पावसाळ्यात वरंध घाटाने मात्र नको. दरडी कोसळतात, जड वाहनांना बंदी असते, आणि तुम्ही जडच. भोरच्या राजवाड्याला शूटिंगची सवय आहे, तिथे तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. वेल्ह्याकडे वळलात तर पत्त्यात तालुका राजगड लिहा, नाव बदललंय. पण वेल्हे म्हणायचं आमच्या तोंडून अजून सुटलेलं नाही.

खरं तर मे अखेरीस या. भाटघर धरणाचं पाणी उतरतं आणि बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ वर येतं. पाण्यातून कुणी वर आलं की आमची माणसं पळत नाहीत, नारळ घेऊन जातात. एखादा तुम्हालाही मिळेल. फक्त धरणाच्या भिंतीवर टेकू नका, साहेबाच्या काळची आहे.

आपला,
धरणांच्या मुलखातला एक भोरकर