मा. विहित नमुना यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. विहित नमुना,
मुक्काम : सर्व कार्यालये

विषय : आपल्या टिंबांबाबत.

महोदय,

आपल्यातलं एक टिंबही हलवायचं नसतं, हे मला मुरबाडमधल्या एका खिडकीवर कळलं. टोकावड्याकडच्या एका पाड्यावरची कातकरी बाई लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी आली होती. अर्ज मी टाइप करून दिला होता. 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' याच्यापुढं आपण टिंबांची रांग राखून ठेवता. तिथं नाव घातलं की टिंबं पुढं सरकतात, ओळ खाली घसरते, खालचा तक्ता मोडतो आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर जाऊन बसते. नाव बरोबर, गाव बरोबर, आधार क्रमांक बरोबर. खिडकीतल्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा विहित नमुन्यात नाही. परत करून आणा."

आपल्या थोरवीला बोल लावणारा मी कोण? जगानं मात्र आपल्यासाठी भलतेच उद्योग करून ठेवलेत. १९९८ साली माहिती लिहिण्याची एक्सएमएल ही पद्धत आली. त्यात प्रत्येक माहितीला तिच्या नावाची खूण बांधायची, म्हणजे आडनाव कोणतं आणि तालुका कोणता हे यंत्रालाही कळतं. २००३ साली अर्जांसाठी एक्सफॉर्म्सचं मानक आलं. त्यात माहिती एकीकडं, तिचं दिसणं दुसरीकडं. एकदा भरलेलं नाव दुसऱ्या कार्यालयाला जसंच्या तसं धाडता येतं. मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल या फाइलरचनेला आंतरराष्ट्रीय मानक करायला निघाले, तेव्हा आपल्या भारतीय मानक ब्युरोनं २००७ मध्ये विरोधात मत दिलं आणि २००८ मध्येही ते बदललं नाही. तरी ते मानक झालंच. २०१० मध्ये केंद्रानं ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचं धोरणही काढलं. दिल्लीत एवढी डोकेफोड झाली आणि आपण अजून टिंबं राखत बसलात! त्याच ओओएक्सएमएलमधली आपली डीओसीएक्स फाइल फोडून पाहिली तर आत सगळं एक्सएमएलच असतं. त्या एक्सएमएलमध्ये आपण काय साठवलंत? टिंबं.

फोटो पन्नास केबीत कोंबणं, भरलेला अर्ज छापून, सही करून पुन्हा स्कॅन करणं, कृतिदेव फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा पाचोळा होणं, याबद्दल तक्रार नाही. सवय झाली.

पण त्या बाईचं काय? दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर जाणार. आदिवासी दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तो तिनं कुठून कुठून गोळा केला. त्यात सासऱ्याचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर भलतंच, कारण प्रत्येक कार्यालयात ते कुणीतरी नव्यानं टाइप केलंय. ते जुळवायला प्रतिज्ञापत्र हवं, म्हणजे पुन्हा आपणच, पुन्हा टिंबं. एक ओळ खाली घसरली म्हणून तिची मजुरी बुडली, एसटीचं भाडं गेलं, लेकीची शाळा बुडली. अरे, माणसं आहेत की रिकाम्या जागा?

रागाच्या भरात आपली फाइल उघडून खुणा दाखवायचं बटण दाबलं. सहीच्या ओळीआधी मोकळ्या जागांची ही लांब रांग! कुणा कंत्राटी ऑपरेटरनं स्पेस दाबून दाबून 'अर्जदाराची सही' उजवीकडं नेलीय. रकाना कसा करायचा हे त्याला कुणी दाखवलं नसणार. जुन्या कागदासारखं हुबेहूब दिसलं पाहिजे, एवढंच सांगितलं असणार. आणि त्या जुन्या कागदाचा तरी काय गुन्हा? सायक्लोस्टाइलच्या काळात टिंबांवर पेनानंच लिहायचं असे. आपला जन्म त्यासाठीचा. संगणकावर आपल्याला आणून बसवलं ते दुसऱ्यांनीच. इतकी वर्षं अवघडून उभे आहात, महोदय. पाय दुखत असतील.

ती बाई सोमवारी पुन्हा येतेय. या खेपेला कोरा छापील नमुना घेऊन पेनानं भरलाय. टिंबांवर तिचं आडनाव मावलं नाही, शेवटची अक्षरं समासात गेलीत. तेवढी चालवून घ्यावीत, ही नम्र विनंती.