संकेश्वरचे ट्वीटरवाले अण्णा

हुक्केरी तालुक्यातील संकेश्वर हे गाव पुणे-बेंगळूरु महामार्गावर, बेळगाव आणि कोल्हापूर यांच्या साधारण मध्यावर वसलेले असल्यामुळे तेथील मध्यमवर्गीय गृहस्थ लग्नाला कोल्हापूरकडे, कचेरीच्या कामाला बेळगावकडे आणि सोयरिकीच्या बोलण्यांना गडहिंग्लजकडे सतत जात-येत असतो. त्याच्या आयुष्याचा बराच भाग मोटारीत जातो आणि मोटारीतील आवाजाविषयीची त्याची मते सीमाप्रश्नावरील मतांइतकीच ठाम असतात. या समाजातून एक वर्ग सहज वेगळा काढता येतो. कंपनीने गाडीबरोबर दिलेली म्युझिक सिस्टीम अपुरी आहे, या निष्कर्षावर गाडीच्या हाराची फुले सुकण्यापूर्वीच येऊन पोहोचणाऱ्या आणि तिच्यात जादा ट्वीटर बसवून घेणाऱ्या गृहस्थांचा हा वर्ग होय. त्यांचे वय पन्नाशीच्या आगेमागे, व्यवसाय शिक्षकाचा, अडत्याचा किंवा पतसंस्थेतील अधिकाऱ्याचा, आणि संबोधन मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत चालणारे, म्हणजे ‘अण्णा’, असे असते.

ट्वीटर म्हणजे केवळ उंच पट्टीचे ध्वनी काढण्यासाठी बनवलेला, बहुधा इंचभर घुमटीचा छोटा स्पीकर. निरोगी तरुण कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचे ध्वनी ऐकू येतात. त्यांपैकी सुमारे दोन-तीन हजारांच्या वरचा प्रांत ट्वीटरकडे आणि खालचा खर्ज वूफर नावाच्या मोठ्या स्पीकरकडे सोपवण्याची रीत आहे. हलगीच्या ताफ्यात घुमक्याचे जे काम ते वूफरचे आणि कैताळाचे जे काम ते ट्वीटरचे, असे अण्णा स्वतःच समजावून सांगतात, आणि ते योग्यही आहे. उंच ध्वनीची तरंगलांबी अत्यल्प असते, १०,००० हर्ट्झला ती जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरते. असा ध्वनी सरळ रेषेत जातो, आडवळणे घेत नाही आणि वाटेत आलेल्या सीटच्या कापडात जिरून जातो. कंपनीचे स्पीकर दाराच्या खालच्या अंगाला बसवलेले असल्यामुळे तंबोऱ्याचा झंकार आणि झांजेची किणकिण हे संगीताचे सूक्ष्म अलंकार श्रोत्याच्या कानाऐवजी त्याच्या पोटरीला ऐकवले जातात. येथवर शास्त्र अण्णांच्या बाजूचे आहे. अडचण एवढीच की ते आपल्या बाजूचे असल्याचे अण्णांना कळलेले असते.

प्रकरणाची ठिणगी बहुधा एका रिकाम्या जाळीने पडते. अनेक गाड्यांच्या महागड्या श्रेणीत आरशाच्या आतील अंगाला, काचेच्या कोपऱ्यात, त्रिकोणी तुकड्यामागे ट्वीटर असतो. स्वस्त श्रेणीत त्या जागी तोच तुकडा, कधीकधी तीच जाळीदार नक्षी असते, परंतु तिच्यामागे काहीही नसते. अण्णांनी गाडी मधल्या श्रेणीची घेतलेली असते आणि त्या वेळी ‘सनरूफ काय पेटवायचंय काय?’ असे म्हणून वाचवलेल्या पैशाचा त्यांना अभिमानही असतो. तथापि जाळीमागे बोट घालून पाहिल्यावर तेथे पोकळी आहे हे कळते, तेव्हा आपली फसवणूक ध्वनीपेक्षा प्रतिष्ठेच्या बाबतीत झाली आहे असे त्यांना वाटू लागते, आणि ती पोकळी भरून काढणे हे कर्तव्य ठरते.

बसवण्याचे काम ज्या कारागिराकडे जाते तो जुन्या जीपच्या डायनामोपासून नव्या गाडीच्या सेन्सरपर्यंत सर्व काही एकाच टेस्टरने तपासतो. तो दारावरील पॅड उतरवून मूळ स्पीकरच्या तारांनाच ट्वीटर समांतर जोडतो आणि मध्ये एक कपॅसिटर घालतो. कपॅसिटर हा खालच्या पट्टीचा विद्युतप्रवाह अडवून वरचा सोडणारा घटक असून, ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास सुमारे ८,५०० हर्ट्झच्या खालचे ध्वनी दर सप्तकाला ६ डेसिबल या वेगाने घटत जातात. तो न लावल्यास खर्जाच्या धक्क्याने ट्वीटर जळून जाण्याचा संभव असतो. या साऱ्या वेळात अण्णा स्टुलावर बसून देखरेख करतात आणि प्रत्येक स्क्रू निघताना ‘क्लिप मोडू नको रे’ एवढेच म्हणतात. त्यांच्या उपस्थितीत मोडलेल्या क्लिपा ‘कंपनीचाच माल हलका’ या सदरात जमा होतात. एखाद्या ट्वीटरच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यास दोन्ही बाजूंच्या कंपनांचा मेळ बिघडतो आणि गायक समोर मध्यभागी बसल्याचा भास नाहीसा होऊन आवाज विखुरतो. पण अण्णांच्या मते हाच खरा ‘स्टिरिओ इफेक्ट’ होय.

यानंतर साक्षीदार गोळा करण्याचा टप्पा येतो, आणि या वर्गाचे खरे सामाजिक वैशिष्ट्य येथेच प्रकट होते. ट्वीटर हा ऐकण्यासाठी कमी आणि ऐकवण्यासाठी अधिक बसवला जात असल्यामुळे, दुसऱ्या कोणी ‘फरक पडला’ असे म्हटल्याखेरीज त्याची प्राणप्रतिष्ठा पूर्ण होत नाही. त्यासाठी शेजाऱ्याला निपाणीपर्यंत सोडण्याचे निमित्त काढले जाते, तवंदी घाटात गाडीचा वेग मुद्दाम कमी केला जातो आणि ‘कसं ऐकू यालंय?’ हा प्रश्न विचारला जातो. जाणकार साक्षीदार ताबडतोब ‘लई क्लिअर!’ म्हणतो, नवखा साक्षीदार ‘मघाशीही असंच होतं की’ म्हणतो आणि परतीला त्याला एसटी पाहावी लागते. जावई या साक्षीदाराचे मोल सर्वाधिक, कारण तो नाही म्हणू शकत नाही. पत्नीची साक्ष मात्र घेतली जात नाही, कारण ती पहिल्याच गाण्याला ‘साकु’, म्हणजे पुरे, असे म्हणून आवाज बंद करते.

या वर्गाला आपल्या नादामागे परंपराही लागते आणि ती शोधायला फार दूर जावे लागत नाही. मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, म्हणजे तार घोडीच्या पृष्ठाला अलगद घासती ठेवून मूळ स्वरातील वरचे उपस्वर उमलवतात. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा गंधार हा असाच पाचवा उपस्वर असतो. ‘आम्ही गाडीला जवारी लावली,’ हे अण्णांचे आवडते विधान या दृष्टीने निराधार नाही. मात्र ते सिद्ध करण्यासाठी अण्णा ज्यांचे वास्तव्य मिरजेत होते त्या गायक अब्दुल करीम खाँ यांचे ध्वनिमुद्रण लावतात, तेव्हा शास्त्र त्यांची साथ सोडते. खाँसाहेब १९३७ साली निवर्तले; त्यांच्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर सहा-सात हजार हर्ट्झच्या वर गाणे फारसे उरतच नाही, उरते ती सुईची खरखर. साडेआठ हजारांपासून पुढे कामाला लागणारा ट्वीटर ती खरखर निष्ठेने, दोन्ही बाजूंनी आणि थेट कानात पोहोचवतो. अण्णा डोळे मिटून मान डोलावतात व ‘बारीकसारीक सगळं निघालंय बघा’ असे म्हणतात, आणि हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असते.

गळीत हंगामात कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि प्रत्येक ट्रॅक्टरवरील पेटीवजा स्पीकर रस्त्याकडेच्या घरांची भांडी हलवतो, तेव्हा अण्णा काच वर करतात. ट्रॅक्टरवाल्याचा तो गोंगाट आणि आपला तो साऊंड, हा भेद त्यांच्या दृष्टीने मूलभूत असतो. ट्रॅक्टरवालाही जाता जाता अण्णांच्या गाडीतील चिरका आवाज ऐकून त्यांच्याविषयी नेमके हेच म्हणतो.

या व्यक्तिविशेषातील सर्वांत मोठी विसंगती निसर्गाने घडवलेली आहे. वयोमानाने श्रवणशक्ती घटते ती वरच्या टोकापासून, आणि पन्नाशीच्या आसपास अनेकांना १२,००० हर्ट्झच्या पलीकडचे फारसे ऐकू येत नाही. मुलांची शिक्षणे, घराचे कर्ज आणि मुलीचे लग्न उरकून गाडीत ट्वीटर बसवण्याइतकी ऐपत येते, तोवर त्यातील वरचा मजला ऐकण्याची सोय कानातून निघून गेलेली असते. म्हणून अण्णा ट्रेबल, म्हणजे उंच ध्वनीचे प्रमाण, दर आठवड्याला एका खुणेने वाढवतात. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे काचेवर आपटून प्रवाशांच्या कानात टोचू लागतात. मागच्या सीटवरील पुतण्या, ज्याला हे सगळे शब्दशः ऐकू येते, स्वतःचे इअरफोन घालतो. आणि अखेर पत्नीच्या डोकेदुखीपुढे नमते घेऊन ट्रेबल मूळ खुणेच्याही खाली आणली जाते. अशा रीतीने आवाज जवळपास कंपनीने दिला होता तसाच झाल्यावर अण्णा आता तो बरोबर बसल्याचे जाहीर करतात, त्याचे सर्व श्रेय ट्वीटरला देतात, आणि त्याच दमात बेस जरा कमी पडतो काय, अशी शंका काढून सबवूफरची चौकशी सुरू करतात.