सूर्य फुकट, बाकी रोख

छतावरच्या सौर यंत्रणेत सूर्य तेवढा फुकट असतो. पॅनल, इन्व्हर्टर, लोखंडी सांगाडा आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची मर्जी यांची किंमत मोजावी लागते. तीन किलोवॉटला साधारण दीड ते दोन लाख रुपये पडतात. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून त्यावर ७८,००० रुपये अनुदान मिळते, तेही यंत्रणा बसल्यावर.

एका किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट वीज होते. ज्याचे बिल वरच्या टप्प्यातल्या दराने येते, त्याचे पैसे काही वर्षांत वसूल होतात. महिन्याला शंभर युनिटही न जाळणाऱ्याने शेजाऱ्याचे पॅनल पाहूनच समाधान मानावे. पावसाळ्यात उत्पादन घटते. धूळ आणि कबुतरे बारमाही.

खरी गंमत वीज गेल्यावर. ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा त्याच क्षणी स्वतःही बंद पडते. खांबावर चढलेल्या वायरमनला छतावरच्या विजेचा झटका बसू नये, म्हणून ही सोय. कारण अगदी रास्त. पण मे महिन्यातल्या भर दुपारी, दोन लाखांच्या काचेखाली, घरमालक लग्नपत्रिकेने वारा घेत बसतो.

ग्रिडला दिलेल्या, नेट मीटरवर साठलेल्या जादा युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो आणि वीज कंपनीचा खरेदीचा दर तिच्या विक्रीच्या दरापेक्षा बराच कमी असतो. स्थिर आकार चुकत नाहीच. पॅनल पंचवीस वर्षे टिकतात, इन्व्हर्टर मध्येच बदलावा लागतो. बिल मोठे, छत स्वतःचे आणि शेजाऱ्याच्या माडाची सावली दूर असेल, तर सौदा फायद्याचा.