आधी बोल्ट टाका

‘मामा, कुठं पळायलाय? आधी बोल्ट टाका!’

भाचा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे. पहिली शिफ्ट उरकून घरी येतो, जेवतो, घटकाभर पडतो आणि मग कॉम्प्युटरवर ‘स्टॉकर २’ लावतो. गेले काही रविवार त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मीही हा खेळ खेळतो आहे. जग उलथून पडल्यानंतरचा मुलूख, पाठीवर सॅक, खिशात पावाचा तुकडा, हातात कधी अडकेल याचा नेम नसलेली बंदूक. नाव ‘हार्ट ऑफ चोर्नोबिल’.

बघणाऱ्याला हा गोळीबाराचा खेळ वाटतो. पोरं बिघडतात, डोकी फिरतात, असं बोलणाऱ्यांनी एकदा अर्धा तास शेजारी बसावं. गोळी झाडायची वेळ येते, नाही असं नाही. पण खरी भीती जमिनीची आहे. समोर वाळलेलं गवत, मोडका खांब, निवांत पडलेली पायवाट. दिसायला सगळं ठीक. त्याच वाटेवर एका ठिकाणी हवा किंचित थरथरत असते. तिथं पाय पडला की माणूस उचलला जातो, पिळला जातो, संपतो. म्हणून खिशातून बोल्ट काढायचा आणि पुढं फेकायचा. ठण्णकन खाली पडला तर वाट मोकळी. हवेत चरचर झाली, बोल्ट भिरकावला गेला, तर दोन पावलं डावीकडं सरकून पुन्हा फेकायचा. असं वीतभर वीतभर पुढं जायचं.

या खेळात गोळ्या संपतात, पाव संपतो, बँडेज संपतं, बंदूक झिजून जाम होते. बोल्ट मात्र कधी संपत नाहीत. बनवणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलं आहे, असं मी मानतो. सावध राहायची सोय प्रत्येकाला फुकट आणि अमर्याद. वापरायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

ही युक्ती जुनी आहे. स्त्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ ही कादंबरी १९७२ची, तिच्यावरून तार्कोव्हस्कीनं केलेला ‘स्टॉकर’ १९७९चा. त्या सिनेमातली माणसंही कापडाची पट्टी बांधलेला नट पुढं फेकत चालतात. पुढं सातच वर्षांत, २६ एप्रिल १९८६च्या रात्री, चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९ हजार माणसांना दुसऱ्या दिवशी बसमध्ये घालून बाहेर काढलं. तीन दिवसांपुरतं सामान घ्या, असं सांगितलं होतं. ती माणसं कायमची गेली. कल्पनेतला निर्मनुष्य मुलूख नकाशावर उतरला आणि कीव्हच्या जीएससी कंपनीनं २००७ साली त्यावर पहिला खेळ काढला.

दुसऱ्याची गोष्ट तर खेळापेक्षा भारी आहे. तो २०२२मध्ये यायचा होता. फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि पहिल्याच दिवशी चेर्नोबिलचा प्रकल्पही ताब्यात घेतला. कंपनीतली काही माणसं कुटुंबं घेऊन प्रागला गेली, काही कीव्हमध्येच थांबली, काही आघाडीवर गेली. ‘क्लिअर स्काय’ या २००८च्या खेळावर काम केलेले व्होलोदिमिर येझोव्ह डिसेंबर २०२२मध्ये बाखमुतजवळ लढताना मारले गेले. खेळ बाजारात आला २० नोव्हेंबर २०२४ला. पहिल्या दोन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या. त्यात चुका होत्या, माणसं भिंतीत अडकत होती, त्यावर ओरडही झाली. ज्यांनी तो सायरन ऐकत पुरा केला, त्यांना माझा मुजरा. चुका काय, दुरुस्त होतात.

आणि त्यांनी त्या भकास मुलखात काय ठेवलं? शेकोटी. जगबुडीच्या कित्येक खेळांची आणि सिनेमांची एकच ठोकळेबाज समजूत असते: सगळं कोसळलं की माणूस माणसाला खाणार. इथं मात्र रात्री चालून चालून दमलात की लांब एक उजेड दिसतो. बंदूक खाली घेऊन जवळ जावं. दोन-चार अनोळखी माणसं बसलेली असतात, एखाद्याच्या मांडीवर गिटार असते. कुणी विचारत नाही, कुठला, कुणाचा. भाचा तिथं खेळ तसाच सोडून चहा टाकायला उठतो. मीही ऐकत बसतो.

ही शेकोटी आमच्या कोल्हापूरला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं उचलून सैबेरियाकडं नेली. त्या भागातला मोठा पट्टा आज युक्रेनमध्ये आहे. त्यातली जी वाचली, ती इराणमार्गे निघाली आणि त्यातले सुमारे पाच हजार जण १९४३पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात येऊन राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, शाळा, चर्च, नाटकाचा रंगमंच, सगळं गाव उभं राहिलं. १९४८पर्यंत ते गेले. मग त्याच बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक आले आणि त्यातून गांधीनगरची कापडपेठ वाढली. जग बुडालेली माणसं एकाच जागी दोनदा येऊन निभावली. वॉर्सात त्या वळिवडे छावणीचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी तिथं फूल वाहिलं. कोल्हापुरातल्या किती शाळा मुलांना वळिवड्याला नेतात? सहल काढून पन्हाळा-जोतिबा करतो, रिक्षानं अर्ध्या तासावरचं वळिवडे राहून जातं. हे बरं नाही.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात तर शेकोटी आपल्या दारातच पेटली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. इशारा ३९वर, धोका ४३वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, ट्रकांच्या रांगा, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना. चिखली-आंबेवाडीची माणसं नावेतून काढली. भाचा तेव्हा कॉलेजात होता. तालमीत दिवसभर चपात्या बांधत होता, एका कागदात सहा आणि वर खर्डा. ‘कुणाच्या घरात जातायत, ते बघितलंच न्हाई,’ असं तो आजही सांगतो. कोल्हापूर या परीक्षेत पास झालं, त्यात मला तीळभर शंका नाही.

पण बोल्ट? तो आपण टाकत नाही, आणि टाकलेला बघत नाही.

दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पाणी ५६ फुटांच्या वर गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क, नावं तीच. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा नकाशावर असते. हाच तो फेकलेला बोल्ट. पडला कुठं, हवा कुठं चरचरली, कागदावर लिहिलेलं आहे. तरी पंचगंगेच्या आणि जयंती नाल्याच्या कडेला मुरमाचे डंपर रिते होत राहतात. एकानं चार फूट भराव टाकून आपला प्लॉट वर घेतला, की त्याच्या वाट्याचं पाणी शेजाऱ्याच्या चुलीत जातं. पाणी कुठं तरी मावलं पाहिजे, एवढं साधं गणित आहे. परवानगी मागणारा, देणारा आणि गप्प बसणारा, तिघांना ते येतं. पूर आला की हेच तिघे चपात्यांच्या रांगेत मनापासून उभे असतात. माणुसकीचा मला अभिमान आहे. म्हणूनच तिच्या भरवशावर नदीत घरं बांधलेली मला सोसत नाहीत.

ज्या गावात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला रोज टनांनी लोखंड ओततात, त्या गावाला एक बोल्ट जड झाला.

भाचा लग्नाचा आहे, फ्लॅट बघतो आहे. मागच्या शनिवारी मला बरोबर घेऊन गेला. पत्रा मारलेल्या ऑफिसात एसी लावलेला, टेबलावर काचेखाली इमारतीची प्रतिकृती, तिच्याभोवती हिरवं प्लास्टिकचं गवत. दाखवणारा पोरगा चुणचुणीत होता. लिफ्ट, जिम, खाली दोन मजले पार्किंग, नदीकडचा व्ह्यू. भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्या प्लास्टिकच्या गवतावर बोट ठेवून म्हणाला, ‘एकवीस साली पाणी कुठवर आलतं हितं?’

पोरगा हसला. ‘ते जुनं झालं, साहेब. आता भराव टाकून वर घेतलंय.’

‘किती फूट?’

‘ते इंजिनिअरना विचारायला लागंल.’

‘आणि मागच्या गल्लीत किती चढलं तवा?’

पोरग्यानं प्रतिकृतीकडं बघितलं. मागची गल्ली तिच्यात दाखवलेलीच नव्हती. भाच्यानं माहितीपत्रक घडी करून त्याच्या हातात परत दिलं आणि आम्ही मागच्या गल्लीत गेलो. एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी काही न बोलता दाराच्या चौकटीवर हात लावून दाखवला. माझ्या खांद्याच्या वर होता.