गच्ची उघडी असते का हो?

विमाननगर, लोहगाव, धानोरी, टिंगरेनगर, विश्रांतवाडी, वाघोली यांपैकी कुठेही तुमचं घर असेल, तर रडारकाका तुम्हाला माहीत आहेत. तुमच्याकडे त्यांचं नाव वेगळं असेल, टोपी वेगळी असेल, पण माणूस तोच. बोलता बोलता विमानाचा आवाज आला की तर्जनी वर जाते, वाक्य अर्धवट लोंबकळत राहतं, डोळे छताला लागतात आणि चार सेकंदांनी निकाल येतो, "तीनशेवीस निओ." मग वाक्य पुढे सुरू होतं. बहुतेक वेळा दुसऱ्याच विषयावर.

एवढं एकवेळ चालेल. सहन होत नाही ती त्यांची गच्ची. म्हणजे तुमची गच्ची. दोन पुणेकर भेटले की आधी आडनाव, मग मूळ गाव, मग "म्हणजे पेठेतले का?" असा रीतसर क्रम असतो. काका हे सगळं ओलांडून पहिल्याच वाक्यात विचारतात, "गच्ची उघडी असते का हो?"

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून हे अधिकाराने सांगतो. गच्चीच्या दारावर आमची पाटी आहे : 'गच्चीवर जाण्यास सक्त मनाई. पापड, गाद्या, पतंग व वाढदिवस यांस अपवाद नाही.' काकांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "यात विमान कुठे आहे?"

त्यांच्या पुतणीच्या लग्नाची बोलणी कळसच्या एका घरी होती. पोहे झाले, चहा झाला, मुलगा काय करतो ते झालं, आणि देण्याघेण्याचा विषय निघणार तेवढ्यात काका नाहीसे. शोधाशोध केली तर मुलाच्या आजोबांबरोबर गच्चीवर. घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "कसं वाटलं स्थळ?" काका म्हणाले, "उत्तम. पश्चिमेला काही आडवं येत नाही." लग्न झालं, संसारही छान चाललाय. काका श्रेय गच्चीला देतात.

विश्रांतवाडीत एकांकडे वडील गेले म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. सगळे गप्प. काका गहिवरून म्हणाले, "फार मोठं माणूस..." आणि तर्जनी वर. "एटीआर." मी डोळे वटारले. थोड्या वेळाने ते मुलाच्या कानाशी लागले, "आत्ता विचारू नये, पण गच्ची..." मला वाटलं, आता आम्हाला हाकलणार. पण तीन दिवस लोकांचं सांत्वन ऐकून कंटाळलेला तो मुलगा निमूट उठला, किल्ली घेतली आणि काकांना वर घेऊन गेला. तासभर दोघं खाली आले नाहीत.

फ्लॅट बघायला गेले तेव्हाची गोष्ट तर बिल्डरच्या ऑफिसात अजून सांगतात. विक्रीचा पोरगा उत्साहाने म्हणाला, "सर, इथे विमानांचा आवाज अजिबात येत नाही." काका चपला घालू लागले. "मग आम्हाला बोलावलंत कशाला?" विमानतळाच्या परिसरात इमारतींच्या उंचीवर बंधन असतं. बिल्डर त्या नियमाच्या नावाने बोटं मोडतात. सरकारने आपल्यासाठी केलेला हा एकच कायदा आहे, असं काकांचं मत.

त्यांची माया ऋतूप्रमाणे दिशा बदलते, हेही मला उशिरा कळलं. विमान वाऱ्याला सामोरं उतरतं आणि वाऱ्याला सामोरंच उडतं. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम, एका टोकाला 10 आकडा, दुसऱ्याला 28. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे विमानं पूर्वेकडून, वाघोलीवरून उतरणार. तेव्हा काकांना वाघोलीच्या मावसभावाची आठवण येते. थंडीत वारा फिरला की विमानं विश्रांतवाडीच्या बाजूने येतात, आणि मावसभाऊ फेब्रुवारीपर्यंत वारला तरी यांना पत्ता लागायचा नाही. काकूंनी दिवाळीच्या फराळाचे डबे कुणाला द्यायचे, हेसुद्धा वाऱ्याची दिशा बघून ठरतं.

काकूंचा या सगळ्यावर एकच आक्षेप आहे. एअर इंडिया एक्स्प्रेसने नव्या विमानांच्या शेपट्यांवर बांधणी, पटोला, कांजीवरम अशी वस्त्रांची नक्षी काढली. काका दुर्बिणीतून एकेक शेपटी दाखवू लागले तेव्हा काकू म्हणाल्या, "दाखवता तेवढं छान. घेऊन एकही दिली नाहीत."

काकांकडे कॅमेरा नाही. धावपट्टी हवाई दलाची. इंग्रजांनी 1939 मध्ये हा तळ उभारला आणि आपली प्रवासी विमानं आजही हवाई दलाच्या अंगणातून ये-जा करतात. विमान टेकताना आतमध्ये घोषणा होते, की इथे फोटो काढायला मनाई आहे. काका हा नियम नियमापेक्षाही कडक पाळतात. 1997 साली देशातली पहिली सुखोई इथेच आली. आजही सुखोई आकाश फाडत निघाली की अख्खं विमाननगर वर बघतं आणि एकटे काका मान खाली घालून चपलांकडे बघत उभे राहतात. "ते आपल्या बघण्यासाठी नाही," म्हणतात. देशासाठी एवढा मोठा त्याग मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

तरीही त्यांना हटकलं जातंच. एका भिंतीपासून चांगल्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला, हातात वही घेऊन उभे होते. एक गणवेशातला तरुण आला.

"काय बघताय?"

"विमान."

"कुणी येणार आहे का?"

"नाही."

"कुठे जायचंय?"

"नाही."

"मग कशाला बघताय?"

या प्रश्नाला काकांकडे उत्तर नव्हतं. त्या तरुणाचीही चूक नाही. त्याचं कामच ते आहे, आणि आपल्याकडे कारणाशिवाय बघणारा माणूस एकतर चोर असतो नाहीतर कवी. दोघांनाही तिथे उभं राहू देत नाहीत.

असं झालं की काका संतचरित्र सांगावं तशी ग्रीसची कथा सांगतात. 2001 च्या नोव्हेंबरात कालामाता इथल्या लष्करी तळावर विमानांचे नंबर टिपणारे बारा ब्रिटिश आणि दोन डच लोक हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. पुढच्या वर्षी त्यांना शिक्षाही झाली. छंद म्हणून कोणी विमानांचे आकडे लिहून घेतं, हे तिथल्या न्यायालयाला पटेना. शेवटी अपिलात सगळे सुटले. 2010 मध्ये दिल्लीत दोन ब्रिटिश छांदिष्टांनी हॉटेलात विमानतळाच्या बाजूची खोली मागितली आणि चौकशीत सापडले, दंड भरून घरी गेले. काका म्हणतात, "बघा, खोली मागितली. गच्ची मागायला हवी होती."

विमानाने प्रवास मात्र काकांना आवडत नाही. "आत बसलं की विमान दिसत नाही." अपवाद एकच. भाचीने म्युनिकला बोलावलं तेव्हा गेले. आल्प्स बघितले नाहीत, राजवाडे बघितले नाहीत. म्युनिकच्या विमानतळाशेजारी खास विमानं बघण्यासाठी उभारलेली टेकडी आहे आणि तिच्या पायथ्याशी जुनी सुपर कॉन्स्टलेशन आणि डकोटा मांडून ठेवली आहेत. आठवडाभर काका त्या टेकडीवर डबा घेऊन जात होते. कोणी विचारलं नाही, कशाला बघताय. उलट एका आजोबांनी सरकून बाकावर जागा दिली. परत आल्यावर काका आठवडाभर गप्प होते, मग म्हणाले, "त्यांच्याकडे टेकडी नव्हती, तर त्यांनी केली. आपल्याकडे देवाने दिल्यात, तर आपण त्या फोडतोय."

झुरिकला प्रेक्षकांसाठी सज्जा आहे, टोकियोच्या हानेदाला गच्ची फुकट आहे, मँचेस्टरला धावपट्टीच्या कडेला बाग असून तिच्यात कॉन्कर्ड उभं आहे, हे सगळं त्यांना चारी धामांसारखं पाठ आहे. आपल्याकडेही सांताक्रूझला एके काळी प्रेक्षकांची गॅलरी होती आणि मुंबईकर पोरांना घेऊन विमानं बघायला जायचे. पुण्याचं नवं टर्मिनल 2024 च्या जुलैत सुरू झालं तेव्हा काका आशेने गेले आणि दारातच विचारलं, "बघायची जागा कुठे आहे?" उत्तर मिळालं, तिकीट काढा, आत जा, गेटवर बसा. म्हणजे विमान बघायचं असेल, तर त्यात बसून निघून जायची तयारी हवी.

मग त्यांनी अर्ज लिहिला. पुणेकराचा अर्ज, तेव्हा मुद्दे अनुक्रमांकासह. एक, बाक. दोन, सावली. तीन, मुतारी. चौथ्या मुद्द्यात तुकोबा. 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला, आणि लोहगाव म्हणजे तुकोबांचं आजोळ. काकांनी लिहिलं होतं : 'महाराजांना न्यायला विमान आले, त्या वेळी लोक बघत उभे होते अशी आपली श्रद्धा आहे. त्यांना कोणी हटकल्याचा उल्लेख आढळत नाही.' हा अर्ज टाइप करून देण्याची वेळ माझ्यावर आली, हे वेगळं सांगायला नकोच.

टाइप करायला काकांच्या वह्या बघितल्या तेव्हा थोडा चपापलो. विमानावर 'व्हीटी' पासून सुरू होणारी अक्षरं असतात, ती तारखेसकट टिपलेली. पानामागून पान. किंगफिशरची पानं 2012 मध्ये संपतात. जेटची 17 एप्रिल 2019 ला. गो फर्स्टची 2023 च्या मेमध्ये. विस्ताराखाली 12 नोव्हेंबर 2024 लिहून काकांनी पट्टीने रेघ मारली आहे. त्या त्या वेळी आपण फक्त तिकिटाचे पैसे परत मिळतील का, एवढंच विचारलं होतं. विमान गेल्याची नोंद या शहरात एकाच माणसाने ठेवली.

आणि आता आलोच आहे तर सांगून टाकतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा मुलगा दुबईला असतो. विमानतळावर निरोप देणाऱ्याला दारातच थांबवतात. आत जाणारा वळून हात हलवतो, मग सामानाची ट्रॉली आडवी येते, आणि आपण पार्किंगच्या पावतीवरून वाद घालत घरी परततो. विमान सुटताना कोणाचंच कोणी बघत नसतं. पण आजींच्या फोनवर अपरात्रीही काकांचा निरोप येतो, "सुटलं. चाकं आत घेतली." त्याशिवाय आजी झोपत नाहीत. माझी मुलगी शिकायला गेली त्या पहाटे मलाही तो निरोप आला होता. मी तो अजून पुसलेला नाही. गच्चीची दुसरी किल्लीही करून घेतली आहे. पाटी तशीच ठेवली आहे, कारण नियम म्हणजे नियम.

तरी काका सुधारले असं समजू नका. 2016 पासून पुरंदरला नवा विमानतळ होणार म्हणून चाललंय. धावपट्टीचा अजून दगड नाही, पण काकांनी आपली जागा आधीच धरायची ठरवली. दुर्बीण, वही आणि टोपी घेऊन पारगावच्या बाजूला एका उंचवट्यावर जाऊन उभे राहिले. ज्या सात गावांची जमीन जाणार, तिथे दुर्बीण लावून शिवार न्याहाळणारा माणूस म्हणजे मोजणीवालाच. पाच मिनिटांत दहा-बारा जण गोळा झाले.

"ओ पाव्हणं, ड्रोन कुठंय?"

काकांनी घाबरत खरं ते सांगितलं. मी मोजणीचा नाही, दलाल नाही, मला फक्त विमानं बघायला आवडतात. लोक हसायला लागले. एका म्हाताऱ्याने त्यांना घरी नेलं, चहा दिला, अंजिरं दिली. सवयीने काकांच्या तोंडून निघालंच, "गच्ची उघडी असते का हो?"

म्हातारा म्हणाला, "उघडीच हाय. घर ऱ्हायलं, तर या की बघायला."

काकांनी परत येऊन अर्ज पुन्हा टाइप करायला लावला. बाक आता दुसऱ्या क्रमांकावर गेला आहे. पहिला मुद्दा असा, की नव्या विमानतळावर बघायची जागा केलीत, तर ज्यांची जमीन गेली त्यांना तिथे कधीही, विनातिकीट, विनाचौकशी उभं राहू द्यावं. मी सेक्रेटरी माणूस. म्हटलं, "काका, यांची भांडणं जमिनीच्या मोबदल्याची आहेत. त्यांना विमान बघण्याशी काय देणंघेणं? उगीच मुद्दा वाढवू नका."

"विमान कोण बघतंय?" काका चिडून म्हणाले. "उद्या तो म्हातारा त्या भिंतीशी जाऊन उभा राहील, आणि कोणीतरी येऊन त्याला विचारेल, काय बघताय. तो सांगेल, शेत. मग विचारतील, कुठाय शेत?"