धोतर वाळेपर्यंत

भाच्यानं बारावीनंतर कॅमेरामन व्हायचं ठरवलं, तेव्हा ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझंच खूळ." माझ्या कपाटात छायाचित्रणावरची सहा पुस्तकं आहेत आणि कॅमेरा एकही नाही, एवढाच माझा गुन्हा.

"मामा, आधी कुठलं वाचू?"

मी मॅसेलीचं 'फाइव्ह सीज ऑफ सिनेमॅटोग्राफी' काढून दिलं. १९६५ सालचं. तर्खडकरांच्या व्याकरणासारखं खडूस, पण त्यावाचून गत्यंतर नाही. दोन पात्रांमध्ये एक अदृश्य रेष असते, कॅमेऱ्यानं ती ओलांडली की समोरासमोर बसलेली माणसं एकाच दिशेला बघतायत असं वाटतं, हे त्यानं वाचलं आणि रात्री जेवताना मोबाइल घेऊन आजी-आजोबांच्या पानांभोवती घिरट्या सुरू केल्या.

"आजी, इकडून घेतलं तर तुम्ही दोघं एकाच दिशेला बघताय असं दिसतं."

"घे बाबा," आई म्हणाली. "पन्नास वर्षांत तेवढंच राहिलंय."

मग जॉन आल्टनचं 'पेंटिंग विथ लाइट'. १९४९. हा गृहस्थ काळोखाचा सावकार, उजेड मोजूनमापून देणारा. चेहऱ्यावर खालून दिवा टाकला की सज्जनही गुन्हेगार दिसतो, हे पटवायला भाच्यानं टेबललॅम्प जमिनीवर ठेवला आणि तहसील कचेरीतून सचोटीनं निवृत्त झालेले आमचे बाबा दोन खून पचवल्यासारखे दिसू लागले.

नवी, जाडजूड, रंगीत पुस्तकंही आहेत. घ्यावीत, पण त्यातली कॅमेऱ्यावरची प्रकरणं दह्यासारखी असतात, ताजी असतानाच खावीत. उजेडावरची मात्र मुरतात. म्हणून मी दुकानात पुस्तक उघडलं की आधी त्यात खिडकीतल्या उजेडावर काही लिहिलंय का ते बघतो.

भाच्याला खरं झपाटलं ते कॅमेरामन सुब्रत मित्रांनी. 'पथेर पांचाली'आधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवलाच नव्हता. रेन्वारच्या 'द रिव्हर'चं शूटिंग बघायला जायचे, वहीत टिपणं आणि चित्रं काढायचे. त्यांचं पहिलं पुस्तक हेच, स्वतःच लिहिलेलं. पुढे 'अपराजितो'साठी, १९५६ साली, कलकत्त्याच्या स्टुडिओत बनारसच्या वाड्याचा चौक उभारला, तेव्हा त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून उजेड खाली परतवला. उघड्या चौकात उतरतो तसा, बिनसावलीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत बाबांचं धोतर वाळत होतं. त्यामागून ऊन. आत आई मेथी निवडत बसलेली. एरवी त्या उन्हात तिचा अर्धा चेहरा जळून जातो. आज गालावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती, पण कुठलीच टोचत नव्हती. मांडीवरच्या स्टीलच्या ताटातून हनुवटीखाली जरासा उजेड उसळत होता.

"सुब्रत मित्रा!" मी कुजबुजलो.

"नाही मामा. कापडातून गाळलेला आहे, परतवलेला नाही. बाउन्स फक्त ताटाचा," भाचा म्हणाला आणि मोबाइल आणायला आत पळाला.

तो येईपर्यंत आई उठली, धोतर चाचपून बघितलं आणि ओढून घडी घालायला लागली.


"वाळलं की रे. कधीपासून बघताय नुसते?"