चोरीची सोय

अनंताची फांदी मागून नेली तर जगत नाही, चोरून नेली तर हमखास जगते, असा आमच्या सोसायटीत पक्का समज आहे. अडचण एवढीच की मंडळी सज्जन. त्यामुळे पावसाळा लागला की आमची बेल वाजते आणि दारात समोरच्या काकू उभ्या असतात. "अगं, तुझ्या अनंताची फांदी हवी होती. देऊ नकोस हं! तू जरा आत जा, मी चोरते."

आत जायला माझी ना नाही. पण काकू नेमकी भलतीच फांदी हेरतात. शेंड्याची, लुसलुशीत, वर टपोरी कळी मिरवणारी. असली फांदी दोन दिवसांत मान टाकते, कारण बुडाला मूळ नाही आणि आहे तेवढी ताकद कळीच खाऊन टाकते. मग मला स्वयंपाकघरातून ओरडावं लागतं, "काकू, कळीची नको! डावीकडची बघा. वाकवून बघा. नुसती लवली तर कोवळी, वाकलीच नाही तर जून. जराशी वाकून कट्कन मोडेल ना, ती घ्या. चार-सहा इंच पुरे! आणि पेराच्या जरा खाली कापा, मुळं तिथूनच फुटतात!"

"बोलू नकोस गं," काकू दबक्या आवाजात म्हणतात, "चोरीत बोलत नाहीत."

खरं तर चोरीची वेळ आली नसती, कारण बहर संपला की छाटणीत भाराभर फांद्या निघतात. पण छाटणीला सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, परवानगी लागते. मी कात्री उचलली की ते गॅलरीतल्या खुर्चीतून उठतात, झाडाभोवती एक चक्कर मारतात आणि सांगतात, "फार बारीक नको. मध्यम ठेव. बाजूनं थोडं कमी कर." न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर स्वतःच्या डोक्याबद्दल सांगतात, अगदी तसंच. मी वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढते, उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त छाटत नाही. हे वेळच्या वेळी केलं नाही तर झाड खालून काड्या-काड्या होतं, फुलं वर जातात आणि वास पहिल्या मजल्यावरच्यांना फुकट. पाऊस सरला की कात्री ठेवून द्यायची. थंडीत हात शिवशिवले आणि शेंडे खुडले, तर उन्हाळ्याच्या कळ्या जिथं धरायच्या तेच कापलं गेलं म्हणून समजा.

"याच्या चुलतभावाचा डिंक म्हणजे डिकेमाली," अप्पा दर वेळी सांगतात. "लहानपणी पोट दुखलं की आई चोळायची. काय तो वास!" एकाच कुळात हा सुगंध आणि तो उग्र दर्प कसा, हे कोडं त्यांना अजून सुटलेलं नाही. पण खानदानं अशी असतातच, असं ते माझ्याकडे न बघता म्हणतात.

फांदी हातात आली की पुढचं काम सोपं आहे. खालची पानं काढायची, वरची मोठी पानं अर्धी कापायची, बुडाला मुळं फुटायची पावडर लावायची आणि वाळू-कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात फांदी खोचून वर प्लास्टिकची पिशवी घालायची. पिशवीला आतून दव धरतं. कुंडी सावलीत. कापाच्या कडेला आधी पांढरट, खरबरीत गाठ येते आणि तिच्यातून मूळ डोकावतं. याला महिना-दोन महिने लागतात. म्हणजे लागू दिले तर. काकूंचे यजमान रोज सकाळी चहा घेता घेता फांदी उपटून मूळ बघतात आणि "अजून नाही" असं जाहीर करून परत खोचतात. ती जगली, यावरून चोरीत खरंच काहीतरी असावं.

तसं बघितलं तर या झाडाच्या नशिबी उचलेगिरी जुनीच. झाड चीनकडचं आणि इंग्रजीत नाव अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरांचं. जॉन एलिस नावाच्या त्यांच्या मित्रानं 1761 साली ते देऊन टाकलं. डॉक्टरांचा त्या झाडाशी संबंध एवढाच.

काकूंच्या फांदीचं आता झाड झालंय. फूल आलं की ते "आमच्या अनंताचं" असतं. पान पिवळं पडलं की काकू ते हातात धरून येतात. "तुझ्या झाडाला काय झालंय बघ." पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. अनंताला आंबट माती लागते, सामू 5 ते 6 असलेली, आणि आमच्याकडे येतं टँकरचं जड पाणी, ज्यानं बादलीलासुद्धा पांढरे पापुद्रे धरतात. मातीत लोह असतं, पण अशा पाण्यापायी मुळांना ते घेता येत नाही. मी चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून घालायला सांगते आणि पावसाचं पाणी साठवायलाही. काकू म्हणतात, "देताना सांगायचंस ना!"

"मी कुठं दिली?"

यंदा सोसायटीनं कॅमेरे बसवले. एक थेट आमच्या झाडावर रोखलेला. आता मंडळी लांबूनच झाडाकडे बघून उसासे टाकतात. परवा सेक्रेटरी स्वतः दारात आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा आत जाता का? कॅमेऱ्याचं मी बघतो."